स्पॅनिश कळतं, पण तोंड उघडत नाही

स्पॅनिशचा वर्ग वर्षभर केलेला असतो, ए-२ चं (सहापैकी दुसऱ्या पायरीचं) पुस्तक संपलेलं असतं, वाचलेलं बऱ्यापैकी कळतं. आणि समोर खरा माणूस आला की पहिल्याच वाक्याला घसा कोरडा पडतो. तिशी-चाळिशीत भाषा शिकायला घेतलेल्यांची ही नेहमीची तक्रार. शब्द कमी पडतात म्हणून असं होतं, हे क्वचितच खरं निघतं. बहुतेकांचं वाक्य दोन जिने चढून येतं: मनात मराठी, मग त्याचं इंग्रजी, मग त्या इंग्रजीचं स्पॅनिश. पुस्तकं इंग्रजीतून, ॲपही इंग्रजीतून, त्यामुळे ही सवय लागते. मधला मजला पाडला की वेळ वाचतो आणि चुकाही घटतात, कारण बोलण्यातली कितीतरी स्पॅनिश वाक्यं मराठीच्याच चालीने चालतात.

स्पॅनिश इथे देवनागरीतच लिहिलं आहे, लॅटिन अमेरिकेतल्या उच्चाराप्रमाणे. ख़ म्हणजे घशातून घासून येणारा ह. तो जमत नसेल तर साधा ह म्हणा, कॅरिबियन बेटांवर तसाच म्हणतात.

मधली इंग्रजी काढा

‘मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात.’ यात क्रियापद आंब्याप्रमाणे बदलतं, ‘मला’ तसंच राहतं. स्पॅनिश: मे गुस्ता एल मांगो, मे गुस्तान लोस मांगोस. हुबेहूब तेच. इंग्रजीतून येणारा विद्यार्थी इथे महिनाभर अडखळतो. मराठी माणसाला अडखळायचं कारणच नाही. तीच गोष्ट ‘मला वाटतं की’ची: मे पारेसे के. ‘की’ला ‘के’, लक्षात ठेवायलाही सोपं. पाय दुखतात, मे द्वेलेन लोस प्येस. डोकं दुखतं, मे द्वेले ला काबेसा. मात्र ‘माझं डोकं’मधलं ‘माझं’ तिथे ‘मे’मध्ये येऊन गेलेलं असतं, ते पुन्हा लावायचं नाही.

भूक, तहान, झोप, भीती, घाई ही मराठीत नामं आहेत. स्पॅनिशमध्येही आहेत: आंब्रे, सेद, स्वेन्यो, म्येदो, प्रिसा. आधी ‘तेंगो’ (माझ्याकडे आहे) लावा, वाक्य झालं. तेंगो आंब्रे. तेंगो प्रिसा. ‘मला उकडतंय’ म्हणजे तेंगो कालोर. हेच इंग्रजीवरून उचलून ‘एस्तोय काल्येंते’ म्हटलं तर ऐकणारा चपापतो, कारण त्याचा अर्थ कामवासना चाळवली आहे असा होतो. ‘मला लाज वाटते’ला मे दा बेर्ग्वेंसा. इंग्रजी शब्दाच्या सुराने ‘एंबारासादा’ म्हणाल तर तुम्ही गरोदर असल्याचं जाहीर कराल. ‘कोन्स्तिपादो’ म्हणजे स्पेनमध्ये सर्दी झालेला. लॅटिन अमेरिकेत मात्र बऱ्याच ठिकाणी त्याचा अर्थ बद्धकोष्ठ झालेला असाच होतो.

आणखी काही जोड्या, ज्या वर्गात सहसा कोणी दाखवत नाही:

- मी बहिणीला बघते, पण मी घर बघते. माणसाला ‘ला’ लागतो, वस्तूला नाही. बेओ आ मि एर्माना, बेओ ला कासा. तिथला ‘आ’ म्हणजे आपला ‘ला’, फक्त नामाच्या आधी येतो.
- माझ्या हातून पेला पडला: से मे कायो एल बासो. दोष आपल्याकडे न घेण्याची ही सोय दोन्ही भाषांत आहे. ‘से मे ओल्बिदो’ म्हणजे ‘माझ्याकडून विसरलं गेलं’.
- लहानपणी नदीवर जायचो: इबा आल रियो. काल नदीवर गेलो: फ्वी आल रियो. भूतकाळाच्या दोन रूपांवर पुस्तकं पानंच्या पानं खर्च करतात. ‘जायचो’ की ‘गेलो’ एवढं विचारा, बहुतेक वेळा उत्तर मिळतं.
- दोन वर्षं झाली मी इथे राहतोय: आसे दोस आन्योस के बीबो आकी. ‘झाली’ला ‘आसे’, आणि ‘राहतोय’ वर्तमानकाळातच.
- तू यावंस असं मला वाटतं: क्येरो के बेंगास. आपल्या ‘यावं, जावं, करावं’च्या जागी बहुधा तिथलं ते धास्ती घालणारं सब्जंक्टिव्ह येतं.
- बाई ‘दमले’ म्हणते, पुरुष ‘दमलो’. एस्तोय कान्सादा, एस्तोय कान्सादो.

सराव असा करा. रोज दिवसभरात घरात बोललेली ५ मराठी वाक्यं आठवा, जशी तोंडातून निघाली तशी. ‘दूध उतू गेलं’, ‘मला उशीर होतोय’, ‘त्याला सांग, मी येते’. ती थेट स्पॅनिशमध्ये आणा, कागद न घेता. एखादं वाक्य दहा सेकंदांत सुचलं नाही, तर ते सोपं करून म्हणा आणि पुढे चला.

मराठी जिथे पाडते

सगळीकडे मराठी कामाला येत नाही. आपलं क्रियापद शेवटी, त्यांचं मध्ये. ‘घरात’चा ‘त’ मागून, तिथला ‘एन’ आधी. हे सरावाने बसतं. न कळत होणाऱ्या चुका वेगळ्याच असतात.

एक: मी पोळी खाल्ली, मी आंबा खाल्ला. आपलं क्रियापद खाल्लेल्या वस्तूच्या लिंगावर जातं. स्पॅनिशमध्ये दोन्हीकडे ‘ए कोमिदो’. पोळी खाल्ली म्हणून ‘कोमिदा’ करू नका.

दोन: आकडे. पंचेचाळीसमध्ये पाच आधी येतो, स्पॅनिशमध्ये चाळीस आधी: क्वारेंता इ सिंको. त्याहून वाईट म्हणजे एकोणतीस. मनात ‘तीस’ वाजतो आणि तोंडातून त्रेइंता निघून जातं, जेव्हा हवं असतं बेइंतिन्वेबे. त्यात सेसेंता म्हणजे ६० आणि सेतेंता म्हणजे ७०, हे कानाला जुळे भाऊ. फोन नंबर, भाव आणि वेळ सांगताना आत्मविश्वास सगळ्यात आधी इथेच ढासळतो. उपाय कंटाळवाणा पण खात्रीचा आहे: रस्त्यात दिसणाऱ्या गाड्यांच्या नंबरप्लेटचे शेवटचे दोन-दोन आकडे मराठीत न वाचता थेट स्पॅनिशमध्ये म्हणा. रोज २० गाड्या, तीन आठवडे.

तीन: दोन प्रकारचं ‘आहे’, सेर आणि एस्तार. मराठीत एकच असल्यामुळे गोंधळ होतो. बोलण्यापुरती एक चाचणी पुष्कळ वेळा चालते: मराठीत ‘-लेला आहे’ म्हणता येत असेल तर एस्तार. बसलेला, दमलेला, उघडलेलं, अगदी मेलेला सुद्धा: एस्ता सेंतादो, एस्ता कान्सादो, एस्ता आब्येर्तो, एस्ता म्वेर्तो. कंटाळलेला असाल तर एस्तोय आबुर्रीदो. ‘सोय आबुर्रीदो’ म्हणालात तर तुम्ही कंटाळवाणा माणूस आहात असा अर्थ होतो. वस्तू कुठे आहे यालाही एस्तार, पण कार्यक्रम कुठे आहे याला सेर: ला फ्येस्ता एस एन मि कासा.

नामाच्या लिंगाची चूक मात्र बोलता बोलता सुधारत बसू नका. आपल्याकडे कोणी ‘तो खुर्ची’ म्हटलं तरी कळतं, तसंच त्यांनाही कळतं. वाक्य थांबवून ‘एल, नाही नाही, ला’ केलं की ऐकणाऱ्याचा धागा तुटतो आणि तुमचाही.

तोंडाची कसरत

उच्चारात मराठी माणसाकडे बरंच भांडवल आहे, फक्त इंग्रजी शाळेने ते झाकून टाकलेलं असतं. स्पॅनिशचा त हा दातांवरचा, ‘ताक’मधला. ‘टेंगो’ नाही, तेंगो. त्र हा ‘मित्र’मधला: त्रेस, त्राबाख़ो. जोरकस र्र आपल्याकडे ‘सर्रकन’मध्ये आहेच. ‘पेरो’ म्हणजे पण, ‘पेर्रो’ म्हणजे कुत्रा. शब्दाच्या सुरुवातीचा र नेहमी जोरकस: र्रोपा. प, त, क म्हणताना हवा सोडायची नाही; फ-थ-खशी त्यांची गल्लत न करण्याची सवय आपल्याला जन्मापासून आहे.

लिहिताना जिथे इंग्रजी व्ही दिसतो तिथेही ब म्हणायचा. बीनो, बाका. दोन स्वरांच्या मध्ये तो सैल पडून आपल्या व-जवळ जातो, त्याची काळजी करू नका.

‘आन्यो’ म्हणजे वर्ष. यातला न्य नीट लावा, कारण ‘आनो’ म्हणजे गुदद्वार, आणि वय सांगताना हा शब्द हमखास येतो.

आता दोन दुखणी, ज्यांवर खरोखर वेळ घालवायला हवा. पहिलं, शेवटचा आ. आपण तो गिळतो किंवा अ करून टाकतो, ‘कासा’चं ‘कास’ होतं. पण स्पॅनिशमध्ये लिंग, काळ, कोण बोलतंय, सगळं त्या शेवटच्या स्वरावर लटकलेलं असतं. आब्लो म्हणजे मी बोलतो, आब्ला म्हणजे तो बोलतो. शेवटचा स्वर स्वच्छ म्हणा, लांबवू नका.

दुसरं, जोर. मराठीत शब्दाच्या कुठल्या भागावर जोर दिला याने सहसा अर्थ बदलत नाही, म्हणून आपण सगळं सपाट म्हणतो. स्पॅनिशमध्ये आब्लो आरंभी जोर देऊन म्हटलं तर ‘मी बोलतो’, शेवटी जोर देऊन म्हटलं तर ‘तो बोलला’. ‘एस्ता’ला आरंभी जोर म्हणजे ‘ही’, शेवटी जोर म्हणजे ‘आहे’. नियम छोटा आहे: शब्द स्वर, न किंवा स वर संपला तर शेवटून दुसऱ्या भागावर जोर, बाकी वेळी शेवटच्या भागावर, आणि अक्षरावर तिरकी रेघ असेल तर तिथेच. टेबलावर थाप मारत म्हणा, थाप फक्त जोराच्या जागी. त्रा-बा-ख़ो, थाप ‘बा’वर, मी काम करतो. त्रा-बा-ख़ो, थाप ‘ख़ो’वर, त्याने काम केलं. दहा क्रियापदं, दोन्ही रूपं, रोज दोन मिनिटं. तीनेक आठवड्यांत हात न हलवताही जोर लागू लागतो.

पहिली ३ मिनिटं पाठ, पण सुटी

नव्या माणसाशी पहिली तीन मिनिटं जवळपास सारखीच जातात. कुठून आलात, काय करता, स्पॅनिश का शिकता, किती दिवस शिकताय, जेवण फार तिखट असतं का. ही उत्तरं आधीच तयार ठेवा, प्रत्येकी दोन वाक्यं, त्याहून जास्त नाही.

सोय दे पुने, आ त्रेस ओरास दे बोंबाय. (स्पॅनिशमध्ये मुंबईला अजून बोंबायच म्हणतात, आणि ‘ण’साठी पुणेकरांनी हट्ट धरू नये.) एन कासा आब्लो माराती. एस्तुद्यो एस्पान्योल देस्दे आसे उन आन्यो. म्हणजे: मी पुण्याचा, मुंबईपासून तीन तासांवर; घरी मराठी बोलतो; वर्षभर स्पॅनिश शिकतोय. ‘इंदू’ म्हटलं की ते तुमच्या धर्माबद्दल बोलतायत असं समजू नका. बऱ्याच ठिकाणी तो शब्द सरसकट भारतीय या अर्थाने वापरतात.

हे भाषणासारखं सलग पाठ केलं तर मध्ये कोणी प्रश्न विचारताच गाडी घसरते. म्हणून एका कार्डावर एक प्रश्न लिहा, गड्डी पिसा, आणि वर येईल त्याचं उत्तर द्या. प्रत्येक उत्तराच्या शेवटी उलटा प्रश्न जोडा: इ तू? किंवा इ उस्तेद? तू आणि तुम्ही यांतला फरक तुम्हाला कोणी शिकवायला नको. तरी एवढं लक्षात ठेवा की स्पेनमध्ये अनोळखी माणसालाही पटकन ‘तू’ म्हणतात, कोलंबियातल्या बोगोतात घरच्या माणसालाही ‘उस्तेद’ म्हणतात, आणि अर्जेंटिनात ‘तू’च्या जागी ‘बोस’ येतं. कळलं नाही तर उस्तेद धरा, कोणी रागावत नाही.

अडलं की

अस्खलित बोलणाराही अडतो. तो अडल्यावर गप्प बसत नाही, एवढंच. मराठीत आपण ‘म्हणजे’, ‘बरं’, ‘त्याचं काय आहे ना’ म्हणत वेळ काढतो. स्पॅनिशमध्ये त्यांचे जुळे आहेत. म्हणजे: ओ सेआ. बरं: ब्वेनो. बघू: आ बेर. त्याचं काय आहे: लो के पासा एस के. या चार शब्दांनी दोन-तीन सेकंद मिळतात, आणि समोरच्याला कळतं की अजून तुमचीच पाळी आहे. इंग्रजी ‘अं… यू नो’ आलं की मात्र तो लगेच इंग्रजीकडे वळतो.

शब्द आठवत नसेल तर वस्तूचं वर्णन करा. ‘एस उना कोसा…’ हा साचा: कशाची, कशासाठी. समजा लाटणं हवंय. एस उना कोसा दे मादेरा पारा आसेर पान प्लानो. सपाट पाव करायची लाकडी वस्तू. समोरचा म्हणेल, ‘उन रोदियो?’ शब्द मिळाला, आणि तो आता विसरणार नाही. स्वयंपाकघरात उभं राहून गाळणं, किसणी, झाकण, चिमटा, उलथणं यांचं असं वर्णन करा, शब्दकोश न उघडता. आठवडाभर हे केलं की शब्द अडल्यावर येणारी छातीतली धडधड बरीच कमी होते, कारण वाट ठाऊक झालेली असते.

समोरच्याचं कळलं नाही, की बहुतेक जण ‘सी, सी’ करत मान हलवतात. हे सगळ्यात महाग पडतं. दोन वाक्यांनंतर तो प्रश्न विचारतो आणि पितळ उघडं पडतं. ‘मास देस्पास्यो, पोर फाबोर’ म्हटलं तर तो एक वाक्य हळू बोलतो आणि पुन्हा वेग धरतो. जेवढं कळलं तेवढं परत म्हणून उरलेलं विचारणं जास्त चालतं: एल ख़्वेबेस आ लास…? गुरुवारी किती वाजता, एवढंच तो सांगेल. वेगाबद्दल स्वतःला दोष देऊ नका. स्पॅनिश खरंच भरभर बोलली जाते, आणि शब्दाशेवटचा स्वर पुढच्या स्वराला चिकटतो. ‘कोमो एस्ता उस्तेद’ कानावर ‘कोमोएस्ताउस्ते’ येतं.

रोजची २० मिनिटं

मोठ्याने. पुटपुटणं धरायचं नाही. घरात संकोच वाटत असेल तर कानाला फोन लावून फिरायला जा, लोकांना वाटतं फोनवर बोलताय.

पहिली ५ मिनिटं: मजकूर सोबत असलेला ३०–४० सेकंदांचा आवाज घ्या. एकदा नुसता ऐका, मग बोलणाऱ्याच्या अर्धा सेकंद मागे राहून त्याच्याबरोबर म्हणा, सहा वेळा. देश एकच ठेवा. आज माद्रिद, उद्या ब्वेनोस आइरेस केलं तर उच्चाराची खिचडी होते.

पुढची १० मिनिटं: एका विषयावर ४ मिनिटं बोला, मग तेच ३ मिनिटांत, मग तेच २ मिनिटांत. कालचा दिवस, घरातली खोली, कामावरची कटकट, काहीही. पहिल्या फेरीत वेळ शब्द शोधण्यात जातो. तिसऱ्या फेरीत शोधायचं काही उरत नाही, म्हणून वाक्यं सलग येतात. दुसऱ्या फेरीत नवीन मुद्दे घातले तर सगळं मुसळ केरात. पहिल्या फेरीनंतर फार तर तीन शब्द शोधा.

शेवटची ५: एक मिनिट रेकॉर्ड करा आणि ऐका. आठवड्याला एकच चूक पकडा, या आठवड्यात फक्त शेवटचा आ, पुढच्या आठवड्यात फक्त जोर. सगळ्या चुका एकदम मोजणारे बहुधा चौथ्या दिवशी रेकॉर्डिंग बंद करतात.

माणूस कुठून आणायचा

आधी आयटॉकीसारख्या ठिकाणचा पैसे घेणारा शिक्षक, एकट्याशी, शक्य तितका छोटा तास. पैसे दिलेले असले की चुकायची लाज कमी वाटते, हा आमचा पक्का समज आहे. मग टँडम किंवा हॅलोटॉक या ॲपवरचा अदलाबदलीचा जोडीदार: १५ मिनिटं स्पॅनिश, १५ मिनिटं त्याची इंग्रजी, गजर लावून. गजर नसला तर सगळा वेळ इंग्रजीत जातो. गप्पांचा घोळका शेवटी ठेवा. चार स्पॅनिश माणसं एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात, तिथे वर्षभर शिकलेलाही हरवतो.

वेळ जुळवणं सोपं आहे. आपल्याकडे सकाळचे ७ म्हणजे कोलंबियात आदल्या रात्रीचे ८:३०, मेक्सिको सिटीत ७:३०. आपल्याकडे रात्रीचे ९ म्हणजे स्पेनमध्ये उन्हाळ्यात संध्याकाळचे ५:३०, हिवाळ्यात ४:३०. सुरुवातीलाच सांगून टाका: कोर्रीख़ेमे आल फिनाल, चुका शेवटी सांग. आणि तीनच. तो इंग्रजीकडे वळला तर हसून: प्रेफ्येरो सेगीर एन एस्पान्योल, सि नो ते इंपोर्ता, तुझी हरकत नसेल तर स्पॅनिशमध्येच बोलू.

परीक्षेची तोंडी

देले ही स्पॅनिशची अधिकृत प्रमाणपत्र परीक्षा इन्स्तितुतो सेर्बान्तेस ही स्पेनची सरकारी संस्था घेते. त्यांचं केंद्र नवी दिल्लीत आहे. ए-२ च्या तोंडीला १२ मिनिटं तयारी आणि १२ मिनिटं बोलणं, बी-१ ला १५ आणि १५. ऐकणं आणि बोलणं यांचे गुण एकत्र धरतात, ५० पैकी ३० लागतात, म्हणजे ऐकण्यात कमी पडलेले गुण बोलण्यात भरून काढता येतात. सिएले परीक्षेत समोर परीक्षक नसतो, संगणकापुढे बोलून रेकॉर्ड करायचं असतं. ज्यांना माणसासमोर घाम फुटतो त्यांना ती सोपी जाते. फक्त तिचं प्रमाणपत्र ५ वर्षं चालतं, देलेचं कायमचं. देलेच्या तयारीच्या वेळात टिपणं काढता येतात आणि त्यांच्याकडे नजर टाकता येते, पण वाचून दाखवता येत नाही. म्हणून कागदावर पूर्ण वाक्यं लिहू नका. सहा-सात शब्द, दोन आकडे आणि वरच्या कोपऱ्यात ‘लो के पासा एस के’ एवढं पुरतं.